मॉडेल विमानावरची, उन्हात सैल पडलेली हीट-श्रिंक फिल्म घरच्या इस्त्रीने पुन्हा ताणली तर चालेल का?

चालेल. ही फिल्म म्हणजे विमानाच्या लाकडी सांगाड्यावर चढवायचं, उष्णतेने आकसणारं पातळ प्लास्टिक. पण प्रश्नात तुम्ही जे लिहिलंय ना, की "पंखाच्या वरच्या बाजूलाच सुरकुत्या आहेत, तेवढीच बाजू गरम इस्त्रीने कडक ताणून घेतो", ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवून लिहायला बसलो.

माझं अमळनेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, पंखे, मिक्सर आणि गावभरच्या इस्त्र्या. त्यामुळे इस्त्रीबद्दल मला कोणी शिकवू नये. तिचा थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची एक पट्टी. तापली की वाकते, करंट तुटतो. गार झाली की परत चिकटते. दिवा लागतो-विझतो त्या मधल्या वेळात तळ चांगलाच वरखाली होतो. शर्टाला फरक पडत नाही, फिल्मला पडतो. डायलवरचं एक टिंब म्हणजे 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. फिल्मचा गोंद शंभराच्या थोडा पुढे धरतो आणि फिल्म नीट आकसते ती दीडशेच्या आसपास. म्हणजे कडा चिकटवायला एक टिंब, ताणायला दोन. तिसरं टिंब कॉटनच्या साडीसाठी. तुमची फिल्म पॉलिएस्टरची असेल तर ती अडीचशेच्या पुढे वितळते, एखादी चूक पोटात घालते. स्वस्तातली पॉलिप्रोपिलीनची असेल तर 160 लाच खेळ खलास.

आता मूळ दुखणं.

2009 साली मी साठ इंची ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं रिमोटवरचं विमान, बांधला होता. हिवाळाभर दुकान बंद केल्यावर रात्री दोन-दोन तास, बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, एकेक रिब (पंखाची फासळी) कापून. फिल्म पुण्याहून येणाऱ्या एका मित्राच्या हाती मागवली. गडद निळी, एकच रोल, साठ सेंटीमीटर रुंद. चुकलं तर दुसरी नाही. आणि नेमके त्या आठवड्यात आमचे आप्पा मुक्कामी आले. आप्पा म्हणजे माझे सख्खे काका. आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं आणि तरुणपणी टिश्यू पेपर आणि डोपवर (कागद घट्ट ताणणारं वार्निश) विमानं बनवलेली. त्या काळात कागद पाण्याने ओला करायचा, वाळला की तो आपोआप तणावायचा, मग डोपचे हात. त्यात आप्पा वाकबगार, कबूल. पण फिल्म त्यांनी जन्मात कधी लावली नव्हती.

"सरक भो, मी दाखवतो," असं म्हणत त्यांनी डावा पंख ओढून घेतला. बायकोची इस्त्री, कॉटनवर. खालची बाजू कडेकडेने नुसती टाचली आणि वरची बाजू एका बैठकीत अशी ताणली की बोट मारलं तर डफासारखी वाजावी. मी म्हटलं, आप्पा, आधी दोन्हीकडच्या कडा पक्क्या करा, मग थोडं वर, थोडं खाली असं घ्या. ते म्हणाले, "अर्धं-अर्धं काम करायची सवय तुझ्या बापाची." आता यावर पुतण्याने काय बोलायचं?

उजवा पंख मी दुसऱ्या दिवशी केला. इस्त्रीच्या तळाला जुना सुती मोजा चढवून. बुंध्याशी एक टाका, टोकाशी एक, मग समोरासमोरच्या कडा, असं ओढत ओढत. सगळा परीघ बंद झाल्यावर वरून दोन हात, उलटा करून खालून दोन हात. मागून एक डोळा मिटून बघायचं, मागची कड सरळ दिसते का. दिसली तर पुढे.

रविवारी तापीचा पूल ओलांडून चोपड्याच्या अलीकडे गेलो. ओळखीच्यांचं शेत, कपाशी उपटून मोकळं झालेलं. पाचच्या सुमाराला हवा पडली. हाताने सोडलं, उचललं छान, आणि लगेच डावीकडे कलायला लागलं. रिमोटची ट्रिम (कल सावरायची बारीक कळ) सगळी उजवीकडे दिली, स्टिक उजवीकडे दाबून धरली, तरी ते डावीकडेच. तिकडे केळीचा बाग. दोन पानं टराटरा फाटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. थोड्या वेळाने एक शेतकरीबाबा विमान छातीशी धरून बाहेर आले, जसं कुणाचं हरवलेलं वासरू आणावं. "हाई इमान तुमनं शे का?" एका घडाची स्कर्टिंग बॅग, म्हणजे घडावर चढवलेली पिशवी, फाटली होती. पैसे काही घेतले नाहीत त्यांनी, पण नातवाला एकदा उडवून दाखवायचं कबूल करून घेतलं. ते अजून राहिलंय.

घरी आल्यावर दोन्ही पंख वेगळे करून स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवले. माझा उजवा टेकला तो चारी कोपऱ्यांनी. आप्पांचा डावा बुंध्याशी टेकला की टोकाला मागचा कोपरा वर. खाली आगपेटी आडवी सरकवली तर आत गेली. एका पंखाची मागची कड अशी वर पिळली की तो कमी उचलतो आणि विमान त्या बाजूला झुकतं. यात मतमतांतराचा प्रश्नच कुठे येतो? तरी आप्पा आजतागायत म्हणतात, "पंखाला नाव ठेवू नको, तुला उडवता येत नाही." मुंज असो, साखरपुडा असो, वांग्याच्या भरताची दुसरी वाढ झाली की हा विषय निघतोच.

सगळ्यात राग याचा येतो की तो पंख दहा मिनिटांत सरळ झाला असता. एकाने तो उलट्या दिशेला, थोडा जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्याने वरून-खालून दोन्हीकडे उष्णता द्यायची, आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. फिल्म त्याच आकारात बसते. हे मला केळी खाऊन झाल्यावर कळलं.

तर तुम्ही इस्त्री फिरवण्याआधी कडा तपासा. कड सुटलेली असेल आणि तुम्ही मध्ये ताणायला गेलात तर ती आणखी आत ओढली जाईल. बुडबुडे असतील तर टाचणीने भोक पाडून मग दाबा. रिबांच्या मधला भाग इस्त्री न टेकवता हीट गनने घ्या, गन सतत हलती ठेवून. आणि सुरकुत्या फक्त वर असल्या तरी खालच्या बाजूलाही हात फिरवा. हे तुम्हाला सांगतोय, पण ऐकायला हवं होतं दुसऱ्यानेच.

सैल का पडते हे विचारलंत. तुम्ही फिल्म श्रावणात लावली म्हणता. त्या दिवसांत लाकूड दमट हवेने फुगलेलं असतं. आपल्याकडचा मे आला, पारा पंचेचाळीसला टेकला, की बाल्सा सुकून आकसतो आणि फिल्म अंगापेक्षा मोठ्या सदऱ्यासारखी लोंबते. शिवाय तापली की फिल्म स्वतःही ढिली होते, गडद रंगाची जास्तच. माझं ऐकाल तर खानदेशात फिल्म मार्च-एप्रिलमध्ये लावावी, लाकूड कोरडं ठणठणीत असताना. पावसाळ्यात लाकूड फुगेल तेव्हा ती उलट आणखी तणावेल.

एक राहिलं, विमान थर्माकोलच्या जातीचं असेल तर वरचं सगळं विसरा, शंभर अंशांतच ते बसेल. त्याला कमी तापमानाची फिल्म वेगळी मिळते.

आणि खरं सांगायचं तर त्या रविवारी दुपारी आम्ही नातेवाइकांकडे जेवायला थांबलो होतो. विमान गाडीत, काचा बंद, गाडी उन्हात, तीन तास. डावी बाजू खिडकीकडे. निळी फिल्म. त्यानेही पंख थोडाफार फिरला असू शकतो, हे मी आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

डावा पंख माळ्यावर जपून ठेवलाय. गेल्या दिवाळीला आप्पा आले तेव्हा मुद्दाम काढला, ओट्यावर ठेवला आणि आगपेटी आत सरकवून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "ओटा वाकडा आहे तुझा."

मी लेव्हल बाटली आणायला दुकानात गेलो, तोवर ते जेवायला बसले होते.