चेअरमन जामिनावर, भाचा तुरुंगात: ठेवीदार ताईंनी सही करावी का?

तासगाव तालुक्यातील एका भगिनींच्या पत्राला हे उत्तर आहे. त्यांचे पती एस.टी.मध्ये चालक होते आणि निवृत्तीचे 7 लाख रुपये त्यांनी पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवले होते. 2021 मध्ये संस्थेने पैसे देणे बंद केले आणि त्यानंतर पतीचे निधन झाले. 2022 मध्ये चेअरमन व संचालकांवर गुन्हा दाखल होऊन अटक झाली, पण दोन महिन्यांत सगळे जामिनावर सुटले. आता चेअरमनची माणसे घरी येऊन ठेवीच्या 40 टक्के रक्कम रोख घ्या, मूळ पावती द्या आणि प्रतिज्ञापत्रावर सही करा, असे सांगत आहेत. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या बहिणीचा मुलगा मात्र विहिरीवरची मोटर आणि केबल चोरल्याच्या आरोपावरून 11 महिने सांगलीच्या कारागृहात आहे; 4 महिन्यांपूर्वी जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे तो आतच आहे. "मोठ्या चोराला एक न्याय आणि गरिबाला दुसरा, असे कायद्यातच लिहिले आहे का, आणि मी सही करू का?" असे त्यांनी विचारले आहे.

ताई, नमस्कार.

आधी तातडीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ही सही करू नका आणि मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका. आपण पाठवलेल्या प्रतिज्ञापत्राच्या प्रतीत तिसऱ्या परिच्छेदात असे लिहिले आहे: "माझी ठेव मला व्याजासह पूर्ण मिळाली असून पोलिसांनी नोंदवलेला जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे नाही." या एका वाक्याने दोन गोष्टी घडतात. 40 टक्के घेऊन आपण पूर्ण रक्कम मिळाल्याचे शपथेवर लिहून देता, त्यामुळे उरलेल्या 60 टक्क्यांवरचा हक्क संपल्याचे चेअरमनची बाजू सांगू शकते; आणि पोलिसांपुढचा जबाब खोटा ठरवल्याने उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात आपण उभ्या राहिलात तरी आपल्या शब्दाला किंमत उरत नाही. अशी प्रतिज्ञापत्रे गोळा करून गुन्हाच रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला जातो. खासगी स्वरूपाच्या आर्थिक वादात तडजोड झाली तर गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ज्ञानसिंग खटल्यात मान्य केला आहे. मात्र ज्या आर्थिक गुन्ह्यांचा परिणाम दोन पक्षांपुरता राहत नाही त्यांना हा न्याय सरसकट लावता येणार नाही, हेही 2017 मध्ये परबतभाई अहिर खटल्यात सांगितले आहे. म्हणजे शेकडो ठेवीदारांचा प्रश्न असताना तुमच्या सहीची त्यांना इतकी घाई का आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

पैशांची नड मी समजू शकतो. भाग रक्कम घ्यायचीच असेल तर ती रोख नको. डिमांड ड्राफ्टने किंवा थेट खात्यावर घ्यावी, "उर्वरित रकमेचा हक्क अबाधित ठेवून भाग रक्कम मिळाली" एवढीच पोच द्यावी आणि ती आपला खटला चालवणाऱ्या विशेष न्यायालयाच्या निदर्शनास आणून द्यावी. सही न केल्यास बघून घेऊ, अशी भाषा कोणी केली तर तारीख आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि साक्षीदारांवर दबाव आणणे हे जामीन रद्द करण्याचे सबळ कारण आहे. जामीन रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला तरी सांगली-साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. कागदावर पाहिले तर कायदा चेअरमनवरच अधिक कठोर आहे. आपल्या प्रकरणातला गुन्हा 1 जुलै 2024 च्या, म्हणजे नवी न्याय संहिता लागू होण्याच्या, आधीचा असल्याने त्याला जुनी भारतीय दंड संहिता लागू होते. तिच्यातील कलम 409 खालील विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत आणि कलम 420 खालील फसवणुकीला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ठेवीदारांच्या संरक्षणासाठी 1999 मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याखाली, ज्याला सर्व जण एमपीआयडी म्हणतात, 6 वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंतच शिक्षा आहे. तेव्हा भेदभाव कलमांत लिहिलेला नाही. तो तारखांमध्ये, लेखापरीक्षणाच्या अहवालाची वाट पाहण्यात आणि जामीनदाराच्या सातबाऱ्यात आहे.

मोटरचोरीच्या खटल्यात पंच, फिर्यादी आणि तपासी अंमलदार अशा थोड्या साक्षीदारांत काम आटोपते. पतसंस्थेच्या खटल्यात बनावट कर्जप्रकरणे, तारण न घेता नातेवाइकांना दिलेली कर्जे, रोजकीर्द आणि खतावणीतील फरक हे सगळे लेखापरीक्षकाने उकलून दाखवावे लागते, शेकडो ठेवीदारांची साक्ष घ्यावी लागते, आणि तोवर आरोपींचे वकील प्रत्येक टप्प्यावर वरच्या न्यायालयात अर्ज करत राहतात. सत्यम कंपनीतील गैरव्यवहार जानेवारी 2009 मध्ये बाहेर आला, शिक्षा एप्रिल 2015 मध्ये झाली, आणि साधारण महिनाभरात ती स्थगित होऊन आरोपी जामिनावर बाहेर आले. याउलट उत्तर प्रदेशात वीज कंपनीचे साहित्य चोरल्याच्या 9 प्रकरणांत एका माणसाला प्रत्येकी 2 वर्षांची शिक्षा झाली आणि त्या एकापाठोपाठ एक भोगायच्या असल्याने त्याच्या वाट्याला 18 वर्षांचा तुरुंग आला. उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश दिला. अशी उदाहरणे पाहिली की आपला संताप अनाठायी आहे, असे मी म्हणू शकत नाही.

तरीही एका मुद्द्यावर माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. चेअरमनला जामीन मिळाला यात मला अन्याय दिसत नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आणि दोष सिद्ध होण्यापूर्वी माणसाला आत ठेवणे ही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये टू-जी (मोबाइल लहरींच्या परवान्यांच्या) प्रकरणातील आरोपींना जामीन देताना सांगितले होते. पण तेच तत्त्व आपल्या भाच्याच्या बाबतीत केवळ कागदावर राहिले, कारण त्याच्यासाठी ऐपत दाखला (जामीनदाराच्या आर्थिक कुवतीचा दाखला) घेऊन उभे राहणारे कोणी नव्हते. खरा अन्याय इथे आहे, आणि तो दूर करता येण्यासारखा आहे.

त्यासाठी लगेच काय करायचे ते सांगतो. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जामीन मंजूर झाल्यापासून महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. इथे 4 महिने उलटले आहेत. तुरुंगात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तासगाव न्यायालयातील तालुका समितीकडे अर्ज द्यावा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. जामीनदाराऐवजी वैयक्तिक बंधपत्रावर किंवा थोड्या रोख रकमेवर सोडावे, अशी मागणी त्या अर्जात असावी. शिवाय पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने (खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्याने) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते. भाच्यावर फक्त साध्या चोरीचे कलम असेल तर हा काळ 12 महिने होतो, म्हणजे पुढच्या महिन्यात पूर्ण होतो. मात्र त्याच्यावर दुसरे गुन्हे प्रलंबित असतील तर या कलमाचा लाभ मिळत नाही, म्हणून दोषारोपपत्राची प्रत काढून कलमे नीट वाचून घ्यावीत.

ठेवीच्या वसुलीबाबत एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांच्या नाही. 2020 च्या डिसेंबरात कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा तिथल्या ठेवीदारांना त्या विम्याचा आधार होता. आपल्याला तो मार्ग नाही. आपली भिस्त जप्त मालमत्तेवर आहे. एमपीआयडी खाली शासन अधिसूचना काढून संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेला महसूल अधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विक्री होऊन ठेवीदारांना वाटप होते. आपल्या प्रकरणात अशी अधिसूचना निघाली का, हे आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी विचारा. चेअरमनने 2021 नंतर पत्नीच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर जमीन केल्याचे आपण लिहिले आहे. त्या गटाचा सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून काढून तक्रारीसोबत जोडा, कारण सद्भावनेने न झालेल्या अशा हस्तांतरापोटी घेणाऱ्याच्या मालमत्तेवरही याच कायद्याने जप्ती आणता येते. याखेरीज सहकार कायद्याच्या कलम 88 खाली संचालकांची वैयक्तिक जबाबदारी निश्चित झाली आहे का, हे उपनिबंधक कार्यालयात पाहावे. त्या आदेशाशिवाय त्यांच्या खासगी मालमत्तेतून सहकार खात्यामार्फत वसुली होणे कठीण जाते.

ठेव पतीच्या नावावर होती, त्यामुळे मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाची नोंद आणि वारसांचे कागद लावून सक्षम प्राधिकाऱ्याच्या ठेवीदार यादीत आपले नाव आधी चढवून घ्या. वाटपाच्या वेळी यादीत मृत व्यक्तीचे नाव राहिल्यास रक्कम अडकून पडते. पुढील तारखेला आपण वकिलामार्फत विशेष न्यायालयात हजर राहू शकता, कारण पीडित व्यक्तीला खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. महिला म्हणून आपल्यालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. भाच्याचा अर्ज द्यायला जाल तेव्हा स्वतःसाठीही तिथेच अर्ज भरा, आणि त्या प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत न्या.