बुटात वीस व्होल्ट, तरी बँड उपाशी

प्रश्न : बुटाच्या सुखतळ्याखाली ३५ मिमीच्या सहा पिझो चकत्या (दाब पडला की वीज देणाऱ्या) सिरीजमध्ये जोडल्या. टाच आपटली की मीटर २० व्होल्ट दाखवतो. पण फुटाळा तलावावर रोज फेऱ्या मारूनही फिटनेस बँड एक टक्काही चार्ज होत नाही. कुठे चुकतंय?
– पदविकेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : जोडणी चुकली आहेच, पण आधी हिशेब बघा. अशा चकतीची धारिता (वीज साठवायची क्षमता) साधारण ३० नॅनोफॅरड. प्रत्येकीला पूर्ण २० व्होल्ट मिळतात असं तुमच्या बाजूने धरलं, तरी एकीत ६ मायक्रोज्यूल मावतात. दाबताना एकदा, सोडताना एकदा. सहा चकत्यांचे पावलामागे ७२ मायक्रोज्यूल. तुमच्या बँडची बॅटरी १५० एमएएचची असेल तर तिला सुमारे २,००० ज्यूल लागतात. त्या पायाची रोज ५,००० पावलं पडली तर पंधरा वर्षं! व्होल्ट भरपूर आहेत, करंट नाही.

म्हणून बँडचा नाद सोडा आणि एलईडी लुकलुकवा. तेवढं नक्की जमतं. सिरीज काढा. टाच टेकते तेव्हा पुढच्या चकत्या मोकळ्या असतात आणि त्याच करंटची वाट अडवतात. प्रत्येकीला १एन४१४८ डायोडचा स्वतंत्र ब्रिज, म्हणजे उलटसुलट करंट एकाच दिशेला वळवणारी चार डायोडची जोडणी, द्या (एकूण २४ डायोड, सीताबर्डीच्या बाजारात मिळतील) आणि ब्रिजच्या डीसी बाजू पॅरलल जोडा. ड्रॉप (डायोडमध्ये वाया जाणारे व्होल्ट) कमी म्हणून शॉटकी डायोड घ्यायचा मोह होतो, पण त्याची उलटी गळती जास्त, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती आणखी वाढते. साठवणीला १,००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही नको. तो स्वतःच काही मायक्रोअँप गळतो, आणि तुमची सगळी कमाई पाच-सात मायक्रोअँपची. १० मायक्रोफॅरडचे पाच सिरॅमिक कपॅसिटर पॅरलल लावा, पुढे साठलेली वीज ठरावीक व्होल्टवर देणारी एलटीसी३५८८-१ आयसी, ३.३ व्होल्टवर सेट केलेली. ती ५ व्होल्ट जमेपर्यंत थांबते, मगच आउटपुट देते. पहिल्या वेळी चाळीस-पन्नास पावलं लागतील, नंतर कमी.

चकती सपाट चिकटवली असेल तर तीही चूकच. ती वाकली तरच वीज देते. कडेखाली कडक प्लास्टिकची रिंग ठेवा, मध्यावर रबराचं बटण. पोकळी अर्ध्या मिलिमीटरहून खोल नको, नाहीतर पांढरा सिरॅमिक तडकतो. त्यावरचा चांदीचा थर नाजूक असतो. सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांत उचला. शेवटी सगळं सिलिकॉनने बंद करा. घामाचा ओलावा कडेवर आला की उरलीसुरली वीजही तिथूनच निसटते.

प्रश्न : मग हात हलवून चालणारी घड्याळं कशी चालतात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : क्वार्ट्झ घड्याळाला काही मायक्रोवॅट पुरतात. बँडची १५० एमएएचची बॅटरी दहा दिवस टिकत असेल, तर त्याला सरासरी दोन मिलिवॅटहून जास्त लागतात. म्हणजे शेकडो पट. चालण्यातून वॅटमध्ये वीज काढता येते. २००८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गुडघ्यावर जनित्र बांधून सुमारे ५ वॅट काढले. पण ते यंत्र एकेका पायावर १.६ किलोचं होतं.