रोस्टरवरची हिरवी खूण आणि हातात पडणारा पगार

अवॉर्ड म्हटलं की आपल्याला शाल-श्रीफळ आठवतं. ऑस्ट्रेलियात मात्र अवॉर्ड म्हणजे निवाडा. कोणत्या धंद्यात किमान पगार किती, रविवारी किती, जेवणाची सुट्टी कधी, दोन शिफ्टमध्ये विश्रांती किती, हे सगळं ठरवून देणारा कायदेशीर दस्तऐवज. आजची 'मॉडर्न अवॉर्ड्स' १ जानेवारी २०१० पासून लागू आहेत आणि ती शंभरावर आहेत. मूळ मात्र बरंच जुनं. १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मेलबर्नच्या एका कारखान्याच्या प्रकरणात कामगाराचं वाजवी वेतन दिवसाला ७ शिलिंग ठरवलं, तो हार्वेस्टर निकाल. कारखाना सनशाइनचा. टार्नीटहून गाडीने शहरात जाताना जे सनशाइन स्टेशन लागतं, तेच.

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक रोस्टरच्या, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या वेळापत्रकाच्या, सॉफ्टवेअरबद्दल आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. काही मालकांची, काही कामगारांची. वेगवेगळी वाचू नका, एकमेकांना लागून आहेत.

मेलबर्नजवळ टार्नीटमध्ये आमचं छोटं दुकान आहे. वडापाव, मिसळ, साबुदाणा खिचडी, शेजारी फरसाण-मिठाईचा काउंटर. अकरा जण कामाला आहेत. रोस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये अवॉर्ड निवडलं की प्रत्येक शिफ्टपुढे हिरवी खूण येते. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

आधी मला सांगा, यादीतून अवॉर्ड कोणतं निवडलंत? तुमच्या दुकानापाशी तीन अवॉर्ड घुटमळतात. लोक बहुतांशी बसून खात असतील तर रेस्टॉरंट अवॉर्ड. बहुतांशी पुडा बांधून नेत असतील तर फास्ट फूड अवॉर्ड. नुसतं फरसाण विकणारं वेगळं दुकान असतं तर रिटेल. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय याला अर्थ नाही, धंदा प्रत्यक्षात काय चालतो ते बघतात. फरक किती पडतो? फास्ट फूडमध्ये पहिल्या पातळीच्या कायम कामगाराला रविवारी मूळ दराच्या १२५ टक्के मिळतात, रेस्टॉरंटमध्ये १५० टक्के. चुकीच्या अवॉर्डवरही हिरवी खूण तितकीच हिरवी दिसते.

दुसरी गोष्ट पातळीची, म्हणजे कामाप्रमाणे अवॉर्डमध्ये ठरलेल्या श्रेणीची. दोन वर्षांपूर्वी भांडी घासायला आलेला मुलगा आज एकटा गॅस सांभाळतो, मिसळीचा कट त्याच्याच हातचा, आणि सॉफ्टवेअरमध्ये तो अजून पहिल्या पातळीवरच आहे. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नवीन गिऱ्हाइकाकडे गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावते, मग कॉम्प्युटरकडे वळते. माणूस काय काम करतो हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तुम्ही सांगाल ते त्याला खरं.

मग ते कशासाठी घ्यायचं? जे माणसाच्या नजरेतून निसटतं त्यासाठी. रात्री साडेअकराला दुकान बंद करणारी मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडायला आहे, म्हणजे मध्ये साडेआठच तास, हे त्याला लगेच दिसतं. कोणी सलग किती दिवस कामावर आहे, कॅज्युअल, म्हणजे कायम तास ठरलेले नसलेल्या कामगाराला किमान तासांपेक्षा लहान शिफ्ट दिली आहे का, कोणाच्या व्हिसाची मुदत संपतेय, यातही ते चोख आहे. डेप्युटी घ्या, टांडा घ्या, आणखी कोणतं सॉफ्टवेअर घ्या, या कामात सगळी उपयोगी पडतात.

महिन्यातून एकदा मात्र एक माणूस निवडा. शक्यतो ज्याने रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीला काम केलंय असा. फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पगार मोजायचं साधन फुकट आहे. त्यावर त्याचा आठवडा स्वतः मोजा आणि पे-स्लिपशेजारी ठेवा. सेंटपर्यंत जुळलं नाही तर का जुळलं नाही ते शोधल्याशिवाय उठू नका.

आमचं सॉफ्टवेअर जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आपोआप वजा करतं. शुक्रवार-शनिवारी गर्दीत कोणाला जेवायला मिळत नाही, पण वजावट होतेच. मॅनेजर म्हणतात, "सिस्टीम आहे, काय करणार." (वेटर, सिडनी)

सिस्टीम कोणीतरी तशी लावली आहे, आणि ते बटण बंदही करता येतं.

हिशेब करून बघा. समजा सात जण, शुक्रवार-शनिवार असे दोन दिवस, रोजचा अर्धा तास. आठवड्याला सात तास आणि वर्षाला ३६४ तास काम फुकट होतं. त्यात भर म्हणजे रेस्टॉरंट अवॉर्डप्रमाणे सात-आठ तासांच्या शिफ्टमध्ये पहिल्या सहा तासांच्या आत जेवणाची सुट्टी द्यावीच लागते. दिली नाही तर सहा तास संपल्यापासून सुट्टी मिळेपर्यंत, किंवा शिफ्ट संपेपर्यंत, दर तासाला मूळ दराच्या निम्मी रक्कम जास्तीची. म्हणजे जिथे पैसे वाढायला हवेत नेमके तिथेच कापले जातायत.

रोस्टर म्हणजे बेत. टाइमशीट म्हणजे घडलेलं. पगार घडलेल्यावर द्यायचा असतो. सुट्टीला जाताना आणि परत येताना माणसाने स्वतः नोंद करावी, आणि नोंद नसेल तर वजावट होऊ नये, अशी मांडणी जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करता येते. आठ वाजून सात मिनिटांनी आला की सव्वाआठ धरायचं, हाही पगार कापण्याचाच प्रकार.

तुम्ही आजपासून डायरी लिहा: तारीख, आलो किती वाजता, जेवलो की नाही, निघालो किती वाजता. मालकाने कायद्याप्रमाणे नोंदी ठेवल्या नसतील तर कोर्टात तुमचं म्हणणं खोटं ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. अशा वेळी तुमच्या डायरीला वजन असतं.

ताई, मी स्टुडंट व्हिसावर आहे. मॅनेजर म्हणतात, ४८ तासांची काळजी करू नकोस, सॉफ्टवेअर लक्ष ठेवतं. माझ्या पे-स्लिपवर पंधरवड्याचे ४४ आणि पुढच्या पंधरवड्याचे ४० तास आहेत. मग ठीक आहे ना?

नाही, आणि हे नीट समजून घे. वर्ग चालू असताना पंधरवड्याला ४८ तास ही मर्यादा १ जुलै २०२३ पासून आहे. पण हा पंधरवडा पगाराचा नाही. कोणत्याही सोमवारपासून पुढचे चौदा दिवस, असा तो मोजतात.

तुझे आठवडे असे आहेत असं धर: १०, ३४, २०, २०. पगाराचे पंधरवडे ४४ आणि ४०, दोन्ही मर्यादेत. पण दुसरा आणि तिसरा आठवडा जोडला की ५४. तिथे अट मोडली, आणि पे-स्लिपवर ते कुठेच दिसत नाही. तुमचं सॉफ्टवेअर पगाराचा पंधरवडा मोजतंय की दर सोमवारपासूनचा, ते विचार.

शिवाय तू दुसरीकडेही काम करत असशील तर ते तासही यातच धरले जातात, आणि ते या सॉफ्टवेअरला माहीतच नसतात. म्हणून हा हिशेब तुझा तुलाच ठेवायचाय. फ्रीजवर कागद लाव, सोमवारी बेरीज कर. अभ्यासक्रमाच्या सुट्टीत मर्यादा नसते, पण सुट्टी कधी सुरू होते ते कॉलेजच्या वेळापत्रकावरून बघ, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको.

आणि एक. वरचे तास रोख देऊ, किंवा एबीएन (स्वतंत्र व्यावसायिकाचा नोंदणी क्रमांक) काढ म्हणजे तास मोजले जात नाहीत, असं कोणी सुचवलं तर ते तुझ्या भल्यासाठी नसतं. व्हिसा काहीही असो, किमान पगाराचा हक्क तोच राहतो. व्हिसाचा धाक दाखवून एखाद्याला अट मोडायला लावणं हा १ जुलै २०२४ पासून मालकाचा फौजदारी गुन्हा आहे.

किराणा दुकान आहे, रिटेल अवॉर्ड. पार्ट-टाइम बायका आहेत, कोणी आली नाही की व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतो, जी "येते" म्हणेल ती येते. हे तास सॉफ्टवेअर ओव्हरटाइम का दाखवतं?

कारण पार्ट-टाइम माणसाचे तास आधी लेखी ठरलेले असतात, आणि त्यापलीकडचं ते ओव्हरटाइम समजतं. पण तिने तेवढ्यापुरते तास वाढवायला लेखी होकार दिला असेल तर ते साध्या दराने चालतात. मोबाइलवरचा संदेशसुद्धा लेखीच धरतात, फक्त तो ती शिफ्ट संपायच्या आत यायला हवा. तुमचं "येते" कामाचं आहे. मात्र ते ग्रुपमधल्या सुविचारांच्या खाली गाडलं जायच्या आत सॉफ्टवेअरमध्ये त्या शिफ्टला जोडा. दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा ओलांडली तर मग होकार असूनही ओव्हरटाइमच.

मी एका दुकानसाखळीत मॅनेजर आहे. वार्षिक पगार आहे, म्हणून रोस्टरवर माझे तास कोणी मोजत नाही. हे बरोबर आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने वूलवर्थ्स आणि कोल्स या सुपरमार्केट साखळ्यांच्या पगारदार मॅनेजरांच्या प्रकरणात निकाल दिला, तो तुमच्या मालकाला वाचायला द्या. अवॉर्डखाली येणाऱ्या माणसाला वार्षिक पगार देता येतो. पण एका पगाराच्या काळात जास्त दिलेले पैसे दुसऱ्या काळातल्या तुटीत वळते करता येत नाहीत. दिवाळीच्या पंधरवड्यात तुम्ही रात्री दहापर्यंत उभे असाल तर हिशेब त्याच पंधरवड्याचा, फेब्रुवारीतल्या निवांत दिवसांशी त्याची सांगड घालायची नाही.

त्याच निकालातला दुसरा भाग माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली. रोस्टर एकीकडे, हजेरीची नोंद दुसरीकडे, आणि ओव्हरटाइम किती ते कोणीतरी नंतर जोडून काढायचं, याला कायद्याने सांगितलेली नोंद म्हणता येत नाही. आणि ती नोंद सात वर्षं ठेवायची असते.

अॅडलेडमध्ये घरी जाऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थेत मी रोस्टर बनवते. एका कामगाराला सकाळी ७ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ६ अशा दोन भेटी दिल्या. सॉफ्टवेअरने दोन तास दाखवले. ती म्हणते चार तासांचे पैसे हवेत.

ती बरोबर आहे. तुमच्याकडे जे अवॉर्ड लागतं, त्याला सगळे 'शॅड्स' म्हणतात, त्यात घरपोच काळजीच्या पार्ट-टाइम आणि कॅज्युअल कामगाराला किमान दोन तासांचे पैसे द्यावे लागतात, आणि तुटक शिफ्ट असेल तर तिच्या प्रत्येक तुकड्याला. १ जुलै २०२२ पासून. वर तुटक शिफ्टचा भत्ता. तुमच्या सॉफ्टवेअरला या दोन वेगळ्या शिफ्ट वाटतायत की एकच तुटक शिफ्ट, ते आधी तपासा. बहुधा तिथेच घोळ आहे.

पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीपासून शेवटच्याच्या शेवटापर्यंत बारा तास हीही मर्यादा असते. तुमची सात ते सहा, म्हणजे अकरा, चालतं. पण संध्याकाळची भेट सहा ते आठ केलीत तर शेवटचा तास दुप्पट दराने. आणि रात्री आठला सुटलेल्या बाईला सकाळी सहाच्या आधी बोलावू नका, मध्ये दहा तास हवेत.

आजोबांच्या मुलीने आयत्या वेळी भेट रद्द केली, तर कायम कामगाराला दुसरं काम द्या, नाहीतर पैसे द्या. "नंतर भरून काढ" असं म्हणायचं असेल तर शिफ्टच्या किमान बारा तास आधी कळवलेलं हवं. म्हणून निरोप किती वाजता गेला ते सॉफ्टवेअरमध्ये उमटतं का, बघून ठेवा.

मला विचाराल तर या अवॉर्डचं रोस्टर बनवणं सगळ्यात अवघड. एका भेटीने दिवस तुटतो, आणि तो पुन्हा जुळवताना कामगाराच्या दिवसाची किंमत विसरली जाते.

दोन शाखा आहेत, मेलबर्न आणि ब्रिस्बेन. सार्वजनिक सुट्ट्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतात का?

शाखेचा पत्ता बरोबर भरला असेल तर येतात. मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीचा मंगळवार ब्रिस्बेनला कामाचा दिवस असतो, आणि ऑगस्टमधल्या एक्काच्या, म्हणजे ब्रिस्बेनच्या कृषी जत्रेच्या, बुधवारी मेलबर्न कामावर असतं. क्वीन्सलँडमध्ये २४ डिसेंबरला संध्याकाळी सहानंतर सुट्टी लागते, तेव्हा चार ते नऊच्या शिफ्टचे दोन तुकडे दोन दरांनी. मी सुरुवातीला एका दुकानाचे हिशेब बघायचे, तिथे दुसऱ्या शाखेलाही मुख्य कार्यालयाचाच पत्ता भरला होता. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

सुट्टीच्या दिवशी सरळ नाव टाकून रोस्टर पक्कं करू नका. २०२३ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की सुट्टीला कामावर या अशी विनंती करायची असते, हुकूम सोडायचा नसतो. कच्चं रोस्टर पाठवा, विचारा, उत्तर नोंदवा.

रिटेलसारख्या काही अवॉर्डमध्ये सुट्टीची अदलाबदल दोघांच्या संमतीने करता येते. एखादीला दुसऱ्या सुट्टीऐवजी गुढीपाडवा हवा असेल तर देऊ शकता. सॉफ्टवेअरला मात्र पाडवा माहीत नसतो, तारीख हाताने घाला.

१ जुलै २०२५ ची ३.५ टक्के वाढ आम्ही १ तारखेपासून दिली. शेजारचा म्हणतो ७ तारखेपासून द्यायची होती.

तुमचा पगाराचा आठवडा सोमवारी सुरू होत असेल तर शेजारी बरोबर. वाढ १ जुलै रोजी किंवा नंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पूर्ण पगाराच्या काळापासून लागते, आणि १ जुलै मंगळवार होता. तुम्ही सहा दिवस आधी दिलीत, त्यात काही बिघडलं नाही.

मागचं तपासताना लक्षात आलं, तीन वर्षं दोघींना पातळी चुकीची लावली होती. एक अजून आमच्याकडे आहे, दुसरी सोडून गेली. आता पगारचोरी गुन्हा झाला म्हणे. भीती वाटते.

१ जानेवारी २०२५ पासून गुन्हा झाला तो जाणूनबुजून कमी देण्याचा. प्रामाणिक चूक त्यात येत नाही. पण चूक कळल्यावर गप्प बसलात तर पुढच्या पगारापासून तिला प्रामाणिक म्हणणं कठीण. सॉफ्टवेअरमध्ये पातळी आजच बदला. मग प्रत्येक आठवडा नव्या दराने मोजा. नुसता मूळ दर मोजून थांबू नका, शनिवार, रविवार, ओव्हरटाइम, सगळं. राहिलेली सुपरची (निवृत्ती निधीची) रक्कम वेगळी काढा, त्यासाठी लेखापालाशी बोला. जी आहे तिला समोर बसवून हिशेबाचा कागद द्या आणि पैसे भरा.

जी सोडून गेली तिचंही तितकंच देणं लागता. जुना फोन, ईमेल, तिच्यासोबत काम केलेल्या मुली, सगळीकडे विचारा, आणि विचारल्याचं लिहून ठेवा. ती सापडलीच नाही तर ते पैसे दुकानाच्या खात्यात राहू द्यायचे नाहीत. फेअर वर्क ओम्बुड्समनमार्फत ते तिच्या नावाने सरकारकडे भरता येतात, आणि ती कधी परत आली तर तिला तिथून मिळतात.