दहावीचे मार्क ग्रोथ मॉडेलात नेमके कुठे घुसवायचे?

प्रश्न : सर नमस्कार, मी नागपूरला एज्युकेशनमध्ये पीएचडी करून राहिलो. उमरेड आणि कुही तालुक्यातल्या १८ झेडपी शाळांमधल्या सहाशेक पोरांचे वाचन चाचणीचे मार्क माझ्याकडे आहेत, पाचवी ते आठवी, दरवर्षी एकदा असे ४ वेळा. आर या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर पॅकेज वापरून तीन लेव्हलचं (चाचणी, पोरगं, शाळा) ग्रोथ मॉडेल बसवलं, म्हणजे प्रत्येक पोराच्या वाढीची एक रेष, मस्त चाललं. आता त्याच पोरांचे दहावीचे टक्के हाती आले. मी काय केलं, मॉडेलमधून प्रत्येक पोराचा स्लोप (रेषेचा चढ, म्हणजे वर्षाला किती वाढ) काढला, एक्सेलमध्ये दहावीच्या टक्क्यांशेजारी चिकटवला आणि साधं रिग्रेशन मारलं, म्हणजे स्लोपवरून टक्क्यांचा अंदाज. स्टार बिर आले, म्हणजे निकाल सिग्निफिकंट. पण गाईड म्हणतात हे चालत नाही, अन् का चालत नाही ते सांगत नाहीत. रूमपार्टनर म्हणतो दहावीचा आकडा पाचवी रांग म्हणून त्याच कॉलमात टाक न बे. काय करू?

उत्तर : आधी रूमपार्टनरचं बघू, कारण ते पटकन संपते. वाचन चाचणीचे मार्क आणि बोर्डाचे टक्के एकाच कॉलमात टाकणं म्हणजे कळमन्याच्या बाजारात संत्री मोजता मोजता शेवटच्या टोपलीत वांगी मोजणं. मॉडेलला वाटेल हे पाचवं मोजमाप आहे आणि रेष तिकडे ओढली जाईल. तुम्हाला रेषेवरून दहावी समजून घ्यायची आहे, दहावीनं रेष वाकवायची नाही.

आता तुमच्या एक्सेलचं. तुम्ही जो स्लोप काढला तो पोराचा खरा स्लोप नाही, तो सरासरीकडे ओढलेला अंदाज आहे. समजा चाचणीचा रेसिड्युअल व्हेरियन्स (पोराच्या रेषेभोवती मार्कांचा उरलेला पसारा) २० आहे. वेळ ०, १, २, ३ अशी मोजली तर मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज होते ५, म्हणजे एका पोराच्या स्लोपमधल्या चुकीचा व्हेरियन्स २० भागिले ५, म्हणजे ४. पोरापोरांमधला खरा स्लोप व्हेरियन्सही ४ च असेल तर तुमच्या स्लोपची विश्वसनीयता झाली ०.५, अर्धं धान्य अर्धा भुसा. म्हणून एखाद्या पोराची स्वतःची रेष सरासरीपेक्षा ६ नी चढी दिसत असली तरी मॉडेल त्याला साधारण ३ च देते (इंटरसेप्टशी, म्हणजे वेळ शून्य असताना रेषेची जी उंची तिच्याशी, असलेलं नातं इथे सोडून दिलं). तीनच वर्षांचा डेटा असता तर ती बेरीज ५ ऐवजी २ झाली असती आणि विश्वसनीयता ०.२९ वर आली असती, म्हणून तुमची ती चौथी चाचणी सोन्याची आहे, जपून ठेवा.

गंमत अशी की ओढलेला स्लोप वापरून जो कोएफिशियंट येतो (स्लोप एकानं वाढला तर दहावी कितीनं वाढते तो आकडा) तो अगदीच वाईट नसतो, ग्रोथ मॉडेल बरोबर असेल आणि दुसऱ्या समीकरणात दुसरं काही नसेल तोवर. पण तुम्ही तिथे आईचं शिक्षण, मुलगा-मुलगी वगैरे टाकणारच, आणि ते पहिल्या मॉडेलात नव्हते, म्हणजे तिथून कोएफिशियंटही वाकडा व्हायला लागतो. शिवाय पहिल्या मॉडेलचे आकडे स्वतःच अंदाज आहेत हे दुसऱ्या रिग्रेशनला माहीतच नाही, आणि १८ शाळा तर तुम्ही तिथे विसरूनच गेलात, एका शाळेतली पोरं एकमेकांसारखी असतात. स्टार त्यामुळे स्वस्तात आले. आणि ओढून न घेता प्रत्येक पोराची वेगळी रेष काढून तो कच्चा स्लोप वापरला असता तर वरच्या उदाहरणात खरा परिणाम २ असला तरी १ च्या आसपास दिसला असता.

उपाय म्हणजे दोन्ही एकाच मॉडेलात, एकाच वेळी. एलएमई-फोर मध्ये ते होत नाही, तिथे रँडम स्लोपला दुसऱ्या व्हेरिएबलचं कारण बनवायची सोयच नाही. एमप्लस हे सॉफ्टवेअर किंवा आर मधलं लाव्हान पॅकेज घ्या. डेटा आडवा करा, एका पोराची एक रांग, चार चाचण्यांचे चार कॉलम आणि पाचवा कॉलम दहावीचा. वेळ कॉलमांमध्ये गेली की तीन लेव्हलच्या दोनच उरतात, आत पोरगं आणि बाहेर शाळा. चार कॉलमांवर इंटरसेप्टचे वजन १, १, १, १ आणि स्लोपचे ०, १, २, ३ बांधायचे, म्हणजे आधीच ठरवून टाकायचे, मग आतल्या लेव्हलला दहावी या दोघांवर रिग्रेस करायची. शाळेच्या लेव्हलला चारही कॉलमांचा उरलेला व्हेरियन्स बहुतेक शून्याच्या जवळ असतो, तो शून्यावरच बांधतात, नाहीतर मॉडेल रडत बसते. आणि तिथे दहावी शाळेच्या स्लोपवर रिग्रेस करायचा मोह आवरा, १८ शाळा म्हणजे १८ ठिपके, त्यातून शाळेच्या स्लोपचा परिणाम मागणं म्हणजे मे महिन्यात फुटाळा तलावावर स्वेटर शोधणं.

दहावीचं पास-नापास करू नका, टक्केच ठेवा, त्यात माहिती जास्त आहे. तसंही लाव्हानचं टू-लेव्हल मॉडेल सतत आकड्यांसाठीच बनलेलं आहे. एमप्लसमध्ये पास-नापास चालते, पण इंटिग्रेशनच्या जड गणितामुळे कॉम्प्युटर घोंघावत राहते.

दहावी जोडायच्या आधी एकदा नुसतं ग्रोथ मॉडेल चालवून आकडे लिहून ठेवा आणि मग जोडा. इंटरसेप्ट-स्लोपचे व्हेरियन्स एकदम हलले तर समजा दहावी रेष ओढून राहिली, आणि नातं चुकीचं लिहिलं गेलं असेल.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते. वेळेचं शून्य कुठे ठेवलं? तुम्ही पाचवीला ठेवलंय. समजा निकाल असा आला की दहावी म्हणजे इंटरसेप्टच्या ०.५ पट अधिक स्लोपच्या २ पट. आता शून्य आठवीला नेलं, मॉडेल तेच, फिट तेच, पण स्लोपचा कोएफिशियंट २ वजा ३ गुणिले ०.५, म्हणजे ०.५ होऊन जाते! मी स्वतः पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा रात्री दोनपर्यंत कोडमधली चूक शोधत बसलो होतो, चूक नव्हतीच. प्रश्न बदलला होता. पाचवीला शून्य असलं तर तुलना अशा दोन पोरांची आहे जी पाचवीत सारखी होती आणि एक जास्त वेगानं वाढलं. आठवीला शून्य असलं तर ती आठवीत सारखी आहेत, म्हणजे वेगवान पोरगं मागून वर आलेलं आहे. थिसिसमध्ये नुसतं "वाढीचा दहावीवर परिणाम होतो" असं लिहिलं आणि शून्य कुठे ते लिहिलं नाही तर व्हायवाला कोणीतरी पकडणार.

ज्या पोरांचा दहावीचा आकडाच नाही त्यांना उडवू नका, फुल इन्फर्मेशन लाइकलीहूड (आहेत तेवढ्या आकड्यांवर मॉडेल बसवायची पद्धत) त्यांच्या चार चाचण्या वापरून घेते. पण जे शाळा सोडून कामाला लागले त्यांच्यासाठी मॉडेल एका कधीच न दिलेल्या परीक्षेचे मार्क गृहीत धरते, तिथे दहावीपर्यंत पोचलं की नाही हाच वेगळा निकाल म्हणून घ्या.

प्रश्न : सर, माझाही असाच डेटा आहे, रामटेक भागातला. पण झेडपी शाळा आठवीपर्यंतच, दहावी पोरं दुसऱ्याच हायस्कूलात देतात. मग मॉडेलमध्ये शाळा कोणती टाकायची? (एक शिक्षिका)

उत्तर : मॅडम, हा प्रश्न वरच्या भाऊंनीही विचारायला पाहिजे होता. वाढ झाली जुन्या शाळेत, म्हणून क्लस्टर, म्हणजे पोरांचा गट, तीच. पण दहावीवर नव्या हायस्कूलचाही हात आहे, आणि एका झेडपीची पोरं तीन-चार हायस्कूलांत विखुरलेली असतील तर दोन्ही शाळा एकमेकींत बसत नाहीत, आडव्या-उभ्या जातात. हायस्कूलं मोजकीच असतील, सात-आठ, तर त्यांचे डमी (हायस्कूलामागे हो-नाहीचा ०-१ कॉलम) बनवा आणि फक्त दहावीच्या समीकरणात टाका, ग्रोथच्या बाजूला नाही, कारण सहावीतल्या पोराच्या वाचनावर तीन वर्षांनी भेटणाऱ्या हायस्कूलचा परिणाम कसा होईल. मात्र हुशार पोरं एकाच हायस्कूलात जात असतील तर डमी टाकल्यावर स्लोपचा परिणाम कमी दिसेल, कारण चांगल्या हायस्कूलात जाणं हीच त्या वाढीची एक वाट आहे. म्हणून डमीशिवाय आणि डमीसह, दोन्ही टेबलं छापा. हायस्कूलं तीस-चाळीस असली तर मग एमप्लसचं क्रॉस-क्लासिफाइड (पोरगं एकाच वेळी दोन्ही शाळांत धरणारं) मॉडेल बेजियन पद्धतीनं चालवावं लागेल, ते रात्री लावून झोपा.