नोटीस जाहिरातीची, धोका बाटलीत आणि नाडीत

प्रश्न : मी बीएएमएस आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत चार वर्षांपासून पंचकर्म केंद्र चालवते. पेपरातून वाटलेल्या पत्रकांत आणि फेसबुकवरच्या रीलमध्ये ‘मधुमेह, संधिवात, मूतखडा आमच्या काढ्याने तीन महिन्यांत मुळापासून बरा’ असं छापलं होतं. अन्न व औषध प्रशासनाने नोटीस देऊन १५ दिवसांत खुलासा मागितला आहे. काढ्याच्या बाटल्या सांगली-पुण्याला कुरिअरनेही जातात. मी नसते तेव्हा धाकटे दीर केंद्र सांभाळतात, त्यांचा योगाचा डिप्लोमा झालेला आहे. केंद्र बंद पडेल का?

उत्तर : डॉक्टर, या नोटिशीने केंद्र बंद पडणार नाही. पण पत्राच्या शेवटी कुरिअरचं आणि दिरांचं जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, त्याची मला नोटिशीपेक्षा जास्त काळजी वाटते. आधी नोटिशीचं पाहू, कारण तिला मुदत आहे.

‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. एखाद्या औषधाने यांपैकी कुठलाही आजार बरा होतो, आटोक्यात येतो किंवा टळतो असं सुचवणारी जाहिरात कलम ३ ने बंद केली आहे. मधुमेह, संधिवात, मूतखडा तिन्ही त्या यादीत आहेत. लठ्ठपणा, पक्षाघात, रक्तदाब, स्त्रियांचं वंध्यत्वही आहे. म्हणजे पंचकर्माच्या पत्रकावर हमखास दिसणारी जवळजवळ सगळी नावं. औषध खरंच गुणकारी आहे, हा कलम ३ खाली बचाव होत नाही, कारण तिथे दावा करणं हाच गुन्हा आहे. म्हणून खुलाशासोबत बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रं जोडू नका. त्यातून जाहिरातीतला दावा तुमचाच होता, हे आपणच लिहून दिल्यासारखं होतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा घडल्यास कैद एक वर्षापर्यंत.

जाहिरात म्हणजे फक्त छापील कागद नव्हे. व्याख्येत तोंडी घोषणा, प्रकाश आणि ध्वनीही येतात. त्यामुळे रील सुटत नाही आणि रिक्षावरचा भोंगाही सुटत नाही.

मात्र कलम १४ मध्ये तुमच्या उपयोगाची एक सवलत आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने स्वतःच्या जागेवर लावलेला, ‘येथे अमुक आजारावर उपचार केले जातात’ एवढंच सांगणारा फलक चालतो. ‘मधुमेह व संधिवातावर आयुर्वेदिक उपचार’ ही पाटी दवाखान्याच्या दारावर लावता येईल. तीच पाटी ताराराणी चौकात होर्डिंग म्हणून लावली तर ही सवलत मिळणार नाही. आणि ‘उपचार’च्या जागी ‘हमखास बरा’ आलं, तर दारावरसुद्धा नाही. फेसबुकवर पदवी, नोंदणी क्रमांक, वेळ, पत्ता आणि कोणती कर्मं होतात, एवढंच ठेवा.

आता खुलासा. रील आणि पोस्ट आज काढायच्या, पण त्याआधी तारखेसह त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेऊ नका. खुलाशात नोंदणी क्रमांक, जाहिरात कधी थांबवली, पत्रकं किती छापली, किती उरली आणि यापुढे असा मजकूर जाणार नाही, हे लिहा. ‘छापखान्याने परस्पर छापलं’ हे खरं नसेल तर लिहू नका. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही या कायद्यात अडकतो, त्यामुळे छापखानेवाला तुमच्याविरुद्धच बोलेल. खुलासा कार्यालयात हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या.

आता बाटल्या. ‘आयुर्वेदिकला लायसन्स लागत नाही’ हे बाजारातलं वाक्य अर्धंच खरं आहे. आयुर्वेदिक औषध विकायला विक्री परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी बनवायला परवाना लागतोच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३-ईईसीमध्ये वैद्यांना सूट आहे ती स्वतःच्या रुग्णांसाठी बनवलेल्या औषधापुरती. तुम्ही तपासलेला रुग्ण, त्याचा केसपेपर, बाटलीवर त्याचं नाव, घटक, मात्रा आणि बनवल्याची तारीख, इतकं असेल तर बचाव उभा राहतो. पुण्याच्या माणसाला व्हिडिओवर नीट तपासून केसपेपर केला असेल, तरी बाजू मांडता येईल. ‘ताई, दोन बाटल्या पाठवा’ एवढ्या निरोपावर पाठवलेली बाटली मात्र सरळ विक्रीत मोडते. त्यातून तिच्यावर ब्रँडचं नाव आणि किंमत छापलेली असेल, तर वेगळा पुरावाही शोधावा लागत नाही.

स्वतःचं उत्पादन करायचं तर याच कायद्याच्या नियमांतल्या शेड्यूल ‘टी’ प्रमाणे निदान १२०० चौरस फूट झाकलेली जागा आणि प्रत्येक कामाला वेगळे कप्पे लागतात. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ते बसणार नाही. त्यापेक्षा परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर (दुसऱ्याच्या कारखान्यात आपलं औषध बनवून घेण्याचा परवाना) काढा बनवून घ्या, ते तुम्हाला परवडेल. तोवर कुरिअर बंद.

आणि दीर. हे सगळ्यांत गंभीर आहे. योगाचा डिप्लोमा असलेल्या माणसाला आसनं, प्राणायाम शिकवता येतात. नाडी पाहणं, निदान करणं, काढा बदलून देणं, बस्ती (औषधी एनिमा) देणं त्याला चालत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली नोंदणीशिवाय वैद्यकी केल्यास पहिल्याच गुन्ह्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी आहे. तुमच्या नावाच्या पाटीखाली ते हे करत असतील, तर तुमची नोंदणी करणाऱ्या परिषदेपुढे उत्तर तुम्हाला द्यावं लागेल आणि तुमची नोंदणीही पणाला लागेल. एखाद्या अशक्त रुग्णाला विरेचनाने (जुलाब देण्याच्या कर्माने) शरीरातलं पाणी कमी होऊन तो दगावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दिरांना ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथली २ वर्षांची कमाल मर्यादा नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखाली नोंदणी असलेल्यांना आहे. कलम शब्दशः वाचलं, तर तीत बीएएमएससुद्धा येत नाहीत.

घरच्या माणसाला हे सांगणं अवघड जाईल, पण उद्याच सांगा. तुम्ही बाहेर असाल त्या दिवशी दुसरा नोंदणीकृत वैद्य बसवा, नाहीतर केंद्र बंद ठेवा. स्नेहन-स्वेदन (तेल लावणं, शेक देणं) करणारे सहायक तुमच्या लेखी सूचनेवर काम करू शकतात. सूचनेत कर्म, तेल, वेळ आणि कधी थांबायचं हे लिहा. स्त्री रुग्णाला स्त्री सहायकच हवी. वमन (उलटी करवणं), विरेचन, बस्ती, रक्तमोक्षण (रक्त काढणं) यांना प्रत्येक वेळी मराठीत संमतिपत्र घ्या, त्यात संभाव्य त्रास स्पष्ट लिहा.

रक्तमोक्षण करत असाल तर रक्ताचा कापूस घंटागाडीत टाकू नका. तो पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि ४८ तासांच्या आत अधिकृत संकलकाकडे. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, पण ते एकदाच. रुग्ण रात्री ठेवत असाल, तर महापालिकेत नर्सिंग होम म्हणून नोंदणी करावी लागेल. उपचारांच्या शुल्कावर जीएसटी नाही, नुसत्या सौंदर्य किंवा आरामासाठीच्या मसाजवर आहे, म्हणून पावत्या वेगळ्या फाडा.

नोटिशीवरून पुढे खटला दाखल झाला आणि तो रद्द करून घ्यायची वेळ आली, तर आता मुंबईला जायला नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे. वकिलाकडे जाताना नोटीस, तिचं पाकीट, पत्रकाची मूळ प्रत, नोंदणी प्रमाणपत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या कुरिअरच्या पावत्या घेऊन जा. पावत्या लपवू नका. त्यावरच्या प्रत्येक नावापुढे केसपेपर आहे की नाही, याची खूण घरीच करून ठेवा.