माळावरची घाणेरी : ओळख आणि बंदोबस्त

प्रश्न : महूजवळच्या आमच्या चराऊ माळावर एक काटेरी झुडूप झपाट्यानं पसरतंय. फुलांचे गुच्छ आत पिवळे, बाहेर गुलाबी. उन्हाळ्यात गवत संपलं की गायी त्याचा पाला ओरबाडतात. हे विषारी आहे का? जाळलं तर जाईल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : वर्णन घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं आहे, तुमच्याकडचे गुराखी तिला राईमुनिया म्हणत असतील. खात्रीसाठी फांदी जपून बोटांत फिरवून पाहा. ती चौकोनी लागते आणि कडांवर बारीक, वाकडे काटे असतात. पानं समोरासमोर, खरखरीत, करवती कडांची. चुरगळली की उग्र वास येतो. फळं हिरवी, पिकल्यावर काळी-जांभळी.

ती विषारी आहेच. काही वाणांत विष कमी असतं, पण फुलांच्या रंगावरून त्याचा भरवसा धरू नका. पानांतल्या लँटाडीन या विषामुळे यकृतातून पित्त उतरेनासं होतं. हरितद्रव्याच्या पचनातून तयार होणारा जो पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो, तो रक्तातून कातडीत साठतो आणि उन्हात कातडी भाजते. नाकपुडी, कान, सड आणि पांढऱ्या केसांखालचा भाग आधी सोलवटतो. त्याआधीच जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे दिसतात. पोटाची हालचाल थांबल्यानं खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष भिनत राहतं. म्हणून माळावरून हलवलं तरी दुखणं वाढतं. अशा गायीला अंधाऱ्या गोठ्यात बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. पोटातलं विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा पाजायचा तर लवकर पाजावा लागतो. बाहेरगावाहून नव्यानं आणलेली, उपाशी जनावरं या माळावर मुळीच सोडू नका. घाणेरीची ओळख नसल्यानं बहुधा तीच आधी फसतात.

जाळून किंवा वरवर छाटून उपयोग नाही, बुंध्यातून ती पुन्हा फुटते. फळं धरण्याआधी बुंध्याची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर कुदळीनं तोडा. नवे फुटवे खोड आणि मूळ जुळतात तिथून येतात, म्हणून तेवढा भाग निघालाच पाहिजे. उपटलेलं झुडूप मुळं वर करून, उलटं, गुरांच्या तोंडापासून लांब रचा. वाळलेला पालाही विषारीच असतो.

बुलबुल, साळुंक्या फळं खाऊन बी टाकतात, त्यामुळे रोपं झाडांखाली जास्त उगवतात. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात माती ओली असताना ती मुळासकट उपटा. मोकळ्या जागी पहिल्या पावसात मारवेल किंवा शेडा गवताचं बी फोका आणि ते मूळ धरेपर्यंत तिथली चराई बंद ठेवा.