सर्च इंजिन कधीही बदलता येतं, मग गुगलवर खटला कशासाठी?

बदलता येतं हो, पण बदलतं कोण? सगळी मेख तिथेच आहे. नवा फोन आला की वॉलपेपर बदलतो, रिंगटोन बदलतो. सेटिंगमध्ये शिरून सर्च इंजिन बदललेला माणूस आमच्या घरात तरी एकही नाही. गुगललाही हे पक्कं ठाऊक होतं. नाहीतर नव्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आधीपासूनच आपलं सर्च इंजिन असावं म्हणून २०२१ या एका वर्षात फोन कंपन्या, ब्राउझरवाले वगैरेंना मिळून २६ अब्ज डॉलरहून जास्त कोण मोजेल? २०२२ मध्ये एकट्या अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज!

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या या खटल्यात वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलची सर्चमधली ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ च्या निकालात मात्र गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, पैसे द्यायलाही मोकळीक ठेवली. 'फक्त आमचंच ठेवा' असे करार तेवढे बंद, शिवाय थोडा डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यायचा. मला हे जरा मिळमिळीतच वाटलं.

आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये अँड्रॉइड या गुगलच्या फोन-प्रणालीच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोकला होता. नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायला सांगणारा स्क्रीन दिसला, तर तो त्याच आदेशामुळे.